कंडक्टर आजोबांचा आठवडा

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या घरापासून मामाच्या गावाला जाताना एसटी कोणकोणत्या थांब्यांवर थांबते? आठवा पाहू! पाच-सहा नावं तर तुम्ही एका दमात सांगाल. आता दुसरा प्रश्न. त्यांतल्या एखाद्या थांब्यावर तुम्ही कधी उतरला आहात का? तिथून आत गावात गेलं तर काय दिसतं, ठाऊक आहे?

गप्प झालात ना? हरकत नाही. आमच्या साताऱ्यात एक आजोबा आहेत, तेही या प्रश्नाला असेच गप्प झाले होते. आणि ते तर चांगली तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते!

सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर हा सगळा रस्ता आजोबांना पाठ. कुठं वळण आहे, कुठं गतिरोधक आहे, कुठल्या फाट्यावर दुधाच्या किटल्या घेऊन माणसं उभी असतात, सगळं ठाऊक. पण कंडक्टरला गाडी सोडून कसं जाता येईल? एक घंटी, गाडी थांबली. दोन घंट्या, गाडी निघाली. उतरणारे उतरले, चढणारे चढले, आजोबा मात्र गाडीतच.

मग ते निवृत्त झाले. पहिले काही महिने बरे गेले. पुढे पुढे ते ओट्यावर नुसते बसून राहायला लागले. पहाटे चार वाजता जाग यायची, पण जायचं कुठं? गुडघेही कुरकुरू लागले. वर्षं अशीच गेली. घरात कुणी त्यांना काही विचारीना आणि तेही फारसं बोलेनात.

एके दिवशी त्यांची चौथीतली नात आपल्या जिल्ह्याची माहिती लिहायला बसली होती. तिनं विचारलं, "आजोबा, लिंबला काय आहे हो?"

आजोबा चटकन म्हणाले, "फाटा आहे."

"फाट्याच्या आत काय आहे?"

लिंब फाट्याची हजारो तिकिटं फाडलेले आजोबा विचारात पडले. शेवटी म्हणाले, "बाळ, आत मी कधी गेलोच नाही."

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही म्हणे! सकाळी उठून त्यांनी आजींना सांगितलं, "अहो, भाकरी बांधा. येत्या सोमवारपासून आठवडाभर रोज एका ठिकाणी जायचं."

मुलांनो, महाराष्ट्रात पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२२ सालापासून एसटीचा प्रवास मोफत आहे. आणि २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट पडतं. आजोबांची पंचाहत्तरी नुकतीच झाली होती. म्हणजे दोघांत मिळून अर्धंच तिकीट! थंडीचे दिवस होते. गुडघ्यांना तेल लावून दोघं तयार झाली. त्यांच्या त्या आठवड्याची ही हकिकत. ती मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे.

सोमवार : पायी पायी साताऱ्यात

पहिला दिवस गुडघ्यांची परीक्षा घेण्यासाठी! म्हणून लांब कुठं न जाता गावातच फिरायचं ठरलं. राजवाड्याजवळ प्रतापसिंह हायस्कूल आहे. पूर्वी ही सरकारी इंग्रजी शाळा होती. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी या शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं. हजेरीपटावर नाव होतं भिवा रामजी आंबेडकर. बरोबर ओळखलंत! हेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले. त्यांच्या शाळाप्रवेशाचा हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतात. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या मुलांना वर्गात वेगळं बसावं लागे, हे तुम्ही वाचलं असेलच. तशा काळात त्या मुलानं शाळा सोडली नाही.

शाळा भरलेली असल्यामुळे आजोबांनी बाहेरूनच नमस्कार केला. तिथून दोघं कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीकडे गेली. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालवलं. मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. सगळे संपले, तेव्हा मंगळसूत्रसुद्धा दिलं.

हे ऐकून आजी कितीतरी वेळ उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं शिक्षण दुसरीपर्यंत. अशी बाई आमच्या गावात असती, तर मी चौथी तरी झाले असते."

मंगळवार : अखेर लिंब!

नातीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला दुसऱ्या दिवशी दोघं लिंबला गेली. साताऱ्यापासून हे गाव साधारण पंधरा किलोमीटर. गावापासून थोडं पुढे चालत गेलं, की शेतांच्या मधोमध एकदम जमीन उघडते आणि खाली दिसते बारामोटेची विहीर!

ही साधीसुधी विहीर नाही बरं का! ती अष्टकोनी आहे. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास सुमारे ५० फूट. श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर थोरले शाहू महाराज होते. रुंद दगडी पायऱ्यांनी आत उतरलं, की दोन विहिरींच्या मध्ये चक्क एक छोटा महाल लागतो. भिंतींवर वाघ आणि हत्ती कोरले आहेत. बाहेर ऊन रणरणत असलं, तरी आत गार वाटतं.

मोट म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं नसेल. मोट म्हणजे पाणी काढायची मोठी कातडी पिशवी. तिला दोर बांधून तो विहिरीच्या काठावरच्या चाकावरून घ्यायचा आणि बैलांना जोडायचा. बैल उतारावरून पुढे चालले, की भरलेली मोट वर येते. त्या उताराला 'धाव' म्हणतात. वर आलेलं पाणी पाटात ओतलं जातं, बैल पुन्हा मागे येतात, मोट पुन्हा खाली जाते. आता तुम्हीच हिशेब करा. एका मोटेला एक बैलजोडी, तर एका वेळी बारा मोटा चालल्या तर बैल किती? चोवीस! केवढी गडबड उडत असेल त्या काठावर!

आजोबांचे वडील मोट हाकायचे. विहिरीच्या काठाच्या दगडावर दोरानं घासून पडलेल्या खाचा असतात, तशी खाच आजोबांनी लहानपणी घरच्या विहिरीवर पाहिली होती. त्यामुळे इथं त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. उलट विहीर पाहायला आलेली कॉलेजची चार मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली. आजोबांनी त्यांना हातवारे करून मोट कशी चालते ते दाखवलं. मोट हाकणारा बैलांना कसा आवाज देतो, तेही करून दाखवलं. आजी सांगतात, "कितीतरी वर्षांनी यांचा एवढा मोठा आवाज ऐकला!"

(तुम्ही गेलात तर काठावरून वाकून पाहू नका हं. मोठ्यांचा हात धरूनच उतरा.)

बुधवार : वाई आणि मेणवली

वाईच्या स्टँडवर आजोबांच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं गेली होती. चहा कुठं चांगला मिळतो ते माहीत, पण घाटावर निवांत बसणं कधी जमलं नव्हतं. या वेळी ते आधी पुढे तीन किलोमीटरवरच्या मेणवलीला गेले. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचा तिथं वाडा आहे. वाड्याच्या मागं कृष्णा नदी आणि तिच्यावर चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. घाटावर देवळाशेजारी एक भली मोठी घंटा टांगलेली आहे.

त्या घंटेकडे नीट पाहा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हे साल दिसतं. शंकराच्या देवळापाशी मेरीचं चित्र कसं काय? तर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला. त्या विजयाची आठवण म्हणून तिकडच्या काही घंटा इकडं आणल्या आणि देवळांना दिल्या. भीमाशंकरच्या देवळातही अशीच एक घंटा आहे.

आजोबा घंटेखाली उभे राहून हसायला लागले. "तीस वर्षं मी दोरी ओढून घंटी वाजवली. पण ही आपल्यापेक्षा सीनियर आहे!"

दुपारी वाईत परतल्यावर ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. हे देऊळ १७६२ मध्ये गणपतराव रास्ते यांनी बांधलं. दर्शन झाल्यावर लगेच निघू नका, देवळाच्या मागच्या बाजूला जा. तिथली भिंत माशासारखी निमुळती बांधलेली आहे. का बरं? देऊळ अगदी नदीकाठी. पूर आला, की पाण्याचा लोट भिंतीवर आदळणार. सपाट भिंतीवर सगळा जोर बसतो. निमुळती भिंत मात्र पाणी दोन्ही बाजूंना कापून देते. होडीचं टोक जसं पाणी कापतं, तसंच! विज्ञानाच्या पुस्तकातला धडा अडीचशे वर्षांहून जास्त काळ नदीत उभा आहे.

वाईतच मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. जगातल्या सगळ्या विषयांची माहिती मराठीत देणारा हा कोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि पुढे वीस खंड झाले. तुमच्यासाठी वेगळा 'कुमार विश्वकोश'सुद्धा आहे.

संध्याकाळी घाटावर कृष्णाबाईचा उत्सव होता. हिवाळा सरत येतो, तसा हा उत्सव वाईतल्या एकेका घाटावर पाळीपाळीनं होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी केलेल्या नवसातून तो सुरू झाला, असं वाईकर सांगतात. मांडव, रोषणाई, कीर्तन, व्याख्यान, गाणं, सगळं नदीकाठी. आजोबा-आजी पुढच्या सतरंजीवर जाऊन बसली. उत्सव पाहायला येणारी माणसं आजोबांनी किती वर्षं गाड्या भरभरून आणून सोडली होती! कीर्तन मात्र त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. शेवटची गाडी किती वाजता, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही, हे सांगायला नकोच!

गुरुवार : हिशेबाचा दिवस

गुरुवारी गुडघ्यांनी संप केला. मग आजोबा घरी बसून काय करत होते? कंडक्टरला रोज प्रत्येक फेरीचा हिशेब एका तक्त्यात लिहावा लागतो. त्याला 'वे-बिल' म्हणतात. किती तिकिटं गेली, किती पैसे जमा झाले, सगळं त्यात येतं. आजोबांनी नातीची जुनी वही घेतली आणि तिच्यात स्वतःचं वे-बिल आखलं. रकाने असे : गाव. काय पाहिलं. कुणी सांगितलं. खर्च. आणि शेवटचा रकाना, 'न सुटलेला प्रश्न'.

त्या शेवटच्या रकान्यासाठी संध्याकाळी ते हळूहळू वाचनालयात गेले. विश्वकोशाचा खंड मागवून त्यांनी 'वाई' ही नोंद काढली. चष्मा पुसून पुसून वाचली. आजोबा सातवीत शाळा सोडून कामाला लागले होते. त्यानंतर एवढं जाड पुस्तक त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतलं होतं.

शुक्रवार : मुद्दाम सोडलेली गाडी

पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना वाटेत भिलार लागतं. गाव स्ट्रॉबेरीचं. पण ४ मे २०१७ पासून त्याची आणखी एक ओळख झाली. ते 'पुस्तकांचं गाव' झालं! सुरुवातीला गावातल्या पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तकं ठेवली. कुणाच्या घरात इतिहासाची, कुणाकडं कवितांची, कुणाकडं बालसाहित्याची. पाहुण्यानं यावं, बसावं, हवं ते वाचावं. वाचायचे पैसे नाहीत. माणसं आपल्या घराची खोली अनोळखी वाचकांसाठी उघडी ठेवतात, ही मला तर फारच मोठी गोष्ट वाटते.

आजींनी एका अंगणात स्ट्रॉबेरी विकणाऱ्या बाईंशी गप्पा मारल्या. आजोबा एका घराच्या पडवीत चरित्रांचं पुस्तक घेऊन बसले. दोन वाजताची गाडी पकडायची होती. पावणेदोन झाले. आजी हाक मारायला आल्या, तर आजोबा म्हणाले, "पुढच्या गाडीनं जाऊ. एवढं प्रकरण संपू दे."

मुलांनो, ज्या माणसानं तीस वर्षं घड्याळाकडं पाहून घंटी वाजवली, त्यानं त्या दिवशी पुस्तकासाठी मुद्दाम गाडी सोडली!

शनिवार : दोन नद्यांचं गाव

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी नात दप्तर टाकून म्हणाली, "आता मीपण येणार!" मग तिघं जवळच्याच माहुलीला गेली. इथं वेण्णा नदी कृष्णेला मिळते. अलीकडं पलीकडं जुनी दगडी देवळं आहेत. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला, तेव्हा रघुनाथरावांना तोंडावर दोषी ठरवणारे ते रामशास्त्री.

इथं राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत. महाराणी ताराबाईंची समाधी इथलीच. आणि नातीला सगळ्यांत आवडली ती एका कुत्र्याची समाधी! थोरल्या शाहू महाराजांचा हा लाडका कुत्रा, त्याचं नाव खंड्या. वाघाच्या तावडीतून त्यानं महाराजांना वाचवलं, अशी गोष्ट सांगतात. आपल्यावर जीव लावणाऱ्या मुक्या प्राण्याला राजानं विसरू नये, म्हणून दगडात कोरून ठेवलेली ही आठवण.

नातीनं वे-बिलातल्या शेवटच्या रकान्यात स्वतः लिहिलं, 'खंड्याचा रंग कोणता होता?' तो प्रश्न अजून सुटलेला नाही!

रविवार : सज्जनगडाच्या पायऱ्या

शेवटचा दिवस सगळ्यांत अवघड. सज्जनगड! याचं जुनं नाव परळीचा किल्ला. समर्थ रामदास १६७६ मध्ये इथं राहायला आले आणि अखेरपर्यंत इथंच राहिले. त्यांची समाधी इथंच आहे, तिच्यावर श्रीरामाचं देऊळ आहे.

गाडी बरीच वरपर्यंत जाते, पण पुढे पायऱ्या आहेत. आजोबांनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे पाहिलं. म्हणाले, "तुम्ही दोघी जाऊन या. मी इथं बसतो."

आणि मग नातीनं काय केलं असेल? ती पुढच्या वळणावर जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "पहिला थांबा! चढणारे प्रवासी लवकर या! टिंग टिंग!" आजोबांना हसू आवरेना. वीस पायऱ्या चढून ते थांबले. एक घंटी. दम घेतला. दोन घंट्या. पुन्हा वीस पायऱ्या. असे थांबे घेत घेत, पहिला दरवाजा, मग दुसरा दरवाजा ओलांडून कंडक्टर आजोबा गडावर पोचले! वरून उरमोडी धरणाचं निळं पाणी दिसलं. प्रसादाला गव्हाची खीर आणि आमटी-भात. अर्धा तास उशीर झाला होता, पण या गाडीला वेळापत्रक नव्हतंच!

मुलांनो, या आठवड्यात आजोबा साताऱ्यापासून फार लांब कुठंच गेले नाहीत. विमान नाही, हॉटेल नाही. भाकरी-पिठलं घरचं. तरी वही निम्मी भरली. कासच्या पठारावरची फुलं पाहायची राहिली, कारण ती पावसाळ्याच्या शेवटी फुलतात. त्यासाठी वहीत दोन पानं कोरी सोडली आहेत. आणि आता घरात, गल्लीत, आमच्या शाळेत, काही विचारायचं झालं की मुलं म्हणतात, "आजोबांना विचारा!"

तुमच्या घरीसुद्धा असे कुणी आजी-आजोबा असतील. कुणी पोस्टात होते, कुणी गिरणीत, कुणी शेतात राबले. आजींनी तर जन्मभर घर सांभाळलं, त्यांना निवृत्तीच नाही! कितीतरी गावांची नावं त्यांच्या तोंडी असतात, पण तिथं उतरायला त्यांना सवड मिळाली नाही. मोट कशी चालते, हे पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा त्यांना विचारा. पण नुसतं विचारू नका, त्यांच्याबरोबर तिथं जा. गुडघे चालताहेत, तोवर जा. पालकांनाही माझी एक विनंती आहे. आजी-आजोबा म्हणजे घराला कुलूप नव्हे. रविवारी सगळे बाहेर निघालात, तर त्यांना राखणीला ठेवू नका. त्यांच्या चालीनं चाला, उशीर झाला तर होऊ द्या.

या सुट्टीसाठी एक काम देते. घरापासून जवळच्या पाच थांब्यांची नावं लिहा. आजी-आजोबांना विचारून त्यांतला एक निवडा. वही आखा, आजोबांसारखे पाच रकाने काढा. जाताना डबा, पाण्याची बाटली आणि आजोबांची औषधाची गोळी आठवणीनं घ्या. शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा. आणि हो, खिशात सुट्टे पैसे असू द्या. कंडक्टरकाकांचा आशीर्वाद मिळेल!